मोटारीची खोड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रस्त्यावरचे खिळे वेचणं.

बाजाराचा दिवस होता. सांजेला गाड्या पांगल्या, धूळ खाली बसली आणि अमिना दोरी घेऊन दारात उभी राहिली. दोरीच्या टोकाला लोहचुंबक. मी मागं डबा घेऊन. ती चुंबक फरफटत पुढं चालायची, मधूनमधून वाकून त्याला चिकटलेले खिळे खरवडायची आणि माझ्या डब्यात टाकायची. बारामतीच्या बैलबाजारापासून इंदापूर रस्त्यानं कालव्याच्या मोरीपर्यंत आमची ही वरात. नवरी म्हातारी, नवरा त्याहून म्हातारा.

वाटेत गणपत न्हाव्याचं झाड लागतं. गणपत दर बाजाराला भेटायचा आणि तेच बोलायचा.

"काय चाची, शेळी चारायला काढली का?"

"व्हय," अमिना म्हणाली. "तुजा वस्तरा आवर, न्हायतर खाईल."

मोरीच्या कठड्यावर आम्ही टेकलो. तिनं डब्यात हात घालून खिळे चाळले. म्हणाली, "आज तुमचे कमी हायती."

माझे म्हणजे मी ठोकलेले. मी नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायच्या, हा आमचा वाडवडलांचा धंदा. पत्री झिजली की खिळा सैल होतो आणि रस्त्यात गळतो. बाजारात पत्र्या मारणारे दुसरेही आहेत, पण मी खिळ्याचं डोकं एका अंगाला तिरकं ठोकतो, म्हणून माझा खिळा ओळखू येतो. तेव्हा 'कमी हायती' ही शाबासकी होती. अमिनाच्या तोंडून शाबासकी म्हणजे उन्हाळ्यात कालव्याला पाणी. मी खुशीत विडी पेटवली. ती म्हणाली, "चला, भाकरी ऱ्हायलीत." आणि आम्ही घरी आलो.

एवढंच. शेवटचं आहे हे कळलं असतं तर विडी न पेटवता काहीतरी बोललो असतो. काय बोललो असतो ते अजून सुचलेलं नाही.

नालबंदाच्या बायकोनं नवऱ्याचेच खिळे रस्त्यावरून का गोळा करावेत, असं कुणीही विचारेल. गावानं विचारलंच. त्याचं कारण एक मोटार. पण मोटारीच्या आधी अमिना सांगितली पाहिजे.

ती सांगवीची. तिचं लहानपण माळ्यांच्या पोरींत गेलं, त्यामुळं आमच्या घरात भांडण मराठीतच व्हायचं. तिचा बाप बैलांचा दलाल. बैलबाजारात आमच्याकडं एक रीत आहे. रुमालाखाली बोटं धरून भाव करताना काय वाटेल ती लबाडी चालते, पण सौदा मिटायच्या आधी घेणारा विचारतो, 'खोड काय?' मग विकणाऱ्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगायचं. मारका असेल तर मारका, बुजत असेल तर बुजरा, भर नांगरटीत बसत असेल तर बसका. पाठीवर हात ठेवल्यावर खोटं बोलायचं नाही. बोलला तर त्याच्या दावणीला पुन्हा कुणी जात नाही. अमिना बापाच्या खांद्यावर बसून हे ऐकत मोठी झाली आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जगात प्रत्येक वस्तूला खोड असते, आणि कुणीतरी ती लपवत असतं.

मडकं घेताना ती कुंभारणीला विचारायची, "खोड काय?" नवा मौलवी आला, त्याच्या बायकोला विचारलं, "खोड काय?" आमचं लग्न ठरताना पडद्याआडून तिनं माझ्या मामाला निरोप पाठवला होता, "पोराची खोड काय?" मामा सरळ माणूस. त्यानं सांगितलं, विडी ओढतो आणि फटकळ आहे. आतून जबाब आला, "एवढीच सांगतायत म्हंजी तिसरी मोठी असंल." ती तिसरी तिनं जन्मभर शोधली. सापडली का, ते मला सांगितलं नाही.

त्यातून चाक असलेल्या वस्तूवर तिचा फारच राग. म्हणायची, "बैलाला खड्डा दिसतो. चाकाला डोळा कुठं हाय?" टांग्यात बसायच्या आधी ती घोड्याला सोडून टांगेवाल्याच्या तोंडाचा वास घ्यायची. दौंडची आगगाडी तिनं स्टेशनावर उभी असताना पाहिली आणि म्हणाली, "रुळावर बांधलीय तवर ठीक. मोकळी सोडली असती तर गाव खाल्लं असतं." इंदापूरला जाणारी सर्व्हिस मोटार सुरू करताना एकदा हँडल उलटं फिरलं आणि डायव्हरचा हात मोडला. अमिनाचा निकाल झाला. "ही लाथ मारती." त्यानंतर इंदापूरला जायचं झालं की ती बैलगाडीनं जायची. वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोचायची, अंग खिळखिळं होऊन, आणि वर म्हणायची, "बघा, पोचले का न्हाय धड?"

आणि अशा बाईच्या पोटी मोटारीचं वेड घेऊन पोरगा आला.

आम्हाला एकच मुलगा राहिला, दस्तगीर. आधीची दोन लहानपणीच गेली. बैल पाडून त्याचे पाय बांधायचे म्हटलं की दस्तगीर गायब. शोधायला गेलं की सर्व्हिस मोटारीच्या खाली दोन पाय दिसायचे. ते पाय आमचे. मोटार धुणाऱ्याचा डायव्हर झाला, आणि एक दिवस सांगत आला की इंदापूरच्या दादासाहेबांनी त्याला ठेवून घेतलं. दादासाहेब म्हणजे उसावर आणि मोसंबीवर मोठे झालेले बागाईतदार. त्यांनी एका संस्थानच्या राजाकडून त्याची वापरलेली विलायती मोटार घेतली होती. तासाला ऐंशी-नव्वद मैल पळते म्हणे.

त्या रात्री अमिना जेवली नाही. मला म्हणाली, "चांगला बैल कुणी इकतं का?"

मी म्हटलं, "बैल न्हाय ती."

"तेच तर म्हंते. बैल असता तर मी इचारलं नसतं. बैलाचं दिसतं."

पंधरवड्यात ती मोटार आमच्या दारात आली. दादासाहेब गुळाच्या सौद्याला बारामतीत आले होते. पिकल्या जांभळाचा रंग, पुढं भलंमोठं लांब तोंड, आणि आत सोफ्यासारखी गादी. माझ्या पुढ्यात पाडलेला बैल होता, तोही मान वर करून बघायला लागला. गाव गोळा झालं. दस्तगीर खाली उतरला तो असा, जणू मोटार त्याच्या पोटी जन्मली आहे.

अमिना डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर आली. मोटारीभोवती चक्कर मारली. मग पुढं बसून तिच्या तोंडावरच्या चकचकीत जाळीत डोकावली.

मागं बसलेले दादासाहेब खाली उतरले. माणूस जाडजूड आणि हसतमुख. म्हणाले, "काय बघता, अमिनाबी?"

"दात."

"किती हायती?"

"जुळलीय," अमिना म्हणाली. बैलाचे सगळे दात आले की आम्ही जुळला म्हणतो. "जवान न्हाय ही. आता बुजती का बघू."

बाजारात बैल बुजतो का हे पाहायला त्याच्या डोळ्यांसमोर छत्री उघडतात, नाहीतर घोंगडं झटकतात. अमिनानं घरातली गोधडी आणली आणि त्या राजाच्या मोटारीच्या तोंडासमोर फाडफाड झटकली. गोधडीतला कापूस उडाला. मोटार जागची हलली नाही. लोक हसून लोळायला आले. अमिना हसली नाही. "बुजरी न्हाय," म्हणाली आणि मागं गेली. तेवढ्यात दस्तगीरनं इंजिन चालू केलं आणि मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला. अमिना माझ्या बैलावर आदळली.

"लाथ मारती," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"अवो, मागं कोण उभं ऱ्हातंय?" दादासाहेब म्हणाले.

"गरीबच मागं उभा ऱ्हातो, दादासायेब."

मग तिनंच विचारलं, "राजानं ही का इकली?"

"त्येनं नवी घेतली."

"जुनीत काय कमी व्हतं?"

"काय न्हाय. नवी आवडली, जुनी काढली. राजेलोक तसंच करत्यात."

"म्हंजी खोड राजाची," अमिना म्हणाली. "हिची खोड मला अजून कळायचीय."

त्या दिवसापासून तिनं मोटारीची चौकशी मांडली. बारामती-इंदापूर रस्त्यावर जी वस्ती, तिथं तिच्या ओळखीची कुणीतरी बाई. सगळ्यांना एकच प्रश्न, त्या जांभळ्या मोटारीनं आजवर कुणाला लावलं? माणसाला लावल्याचं कुठं कळेना. मग ती कोंबड्यांवर आली. कोंबड्या मात्र ढिगानं निघाल्या. एका वस्तीवर तर मोटार आली की कोंबडी मेलीच. अमिनाचा चेहरा काळा पडला. म्हणाली, "आज कोंबडी, उद्या पोर."

मी म्हटलं, "जाऊन बघ तरी."

ती बैलगाडीत बसून त्या वस्तीवर गेली आणि ताजी मेलेली कोंबडी तिनं उलटीपालटी करून पाहिली. परत आली ती रागानं लाल. "चाकाखाली गेलेली कोंबडी अशी असती का? पीस हललं न्हाय. डोळं पांढरं. रोगानं मेली आन् ह्या बयेनं रस्त्यात आणून ठिवली." दादासाहेब कोंबडीची भरपाई देतात, हे त्या रस्त्यावरच्या सगळ्या बायांना ठाऊक झालं होतं. मोटारीच्या नावावर जेवढ्या कोंबड्या होत्या त्यातल्या बऱ्याच रोगानं, एक-दोन मांजरानं, आणि एक तर सासूनं जावयासाठी कापलेली निघाली. अमिनानं एकेकीच्या दारात उभं राहून मोटारीच्या नावावरची कोंबडी उतरवली. गणपत न्हावी म्हणाला, "चाची मोटारीची वकील झाली." पण ती कुणाची वकील नव्हती. तिला खरं काय ते पाहिजे होतं. पोरगं त्या गादीवर रोज बसत होतं.

दस्तगीर मोरीवरून जाताना दोनदा हॉर्न द्यायचा. ही त्याची आईला खूण. हॉर्न ऐकला की अमिना तव्यावर भाकरी टाकायची. नाही ऐकला तर पीठ तसंच परातीत. अशा कितीतरी सांजा मी उपाशी काढल्यात, मोटारीची सगळ्यात जास्त झळ बसलेला माणूस मीच असेन. कधी ती मोटार वाऱ्यासारखी जायची, हॉर्न संपायच्या आत आवाजही संपायचा. मी शिव्या द्यायचो, "ह्या दादासायबाला कसली येवढी घाई? ऊस पळून चाललाय का?"

मग ते मोरीचं झालं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार इंदापूरकडं जाताना मोरीवर पुढचं टायर फुटलं. गाडी फिरली, कठड्याचे दोन दगड कालव्यात गेले आणि एक चाक पाण्यावर लोंबत राहिलं. कुणाला खरचटलंही नाही. आम्ही धावत पोचलो तेव्हा दादासाहेब रस्त्याच्या कडेला बसून पाणी पीत होते आणि दस्तगीर टायरातून काहीतरी उपटत होता. उपटून त्यानं आईच्या हातावर ठेवलं.

खिळा. डोकं एका अंगाला तिरकं.

अमिनानं खिळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. घरी आल्यावर तिनं दस्तगीरला एवढंच म्हटलं, "सोड ती मोटार."

"आम्मा, मोटारीत काय खोड न्हाय."

"मग येवढी फिरली कशी? खिळा तर बैलाच्याबी पायात जातो."

दस्तगीर खाली बघून चहा प्यायला आणि निघून गेला.

दोन दिवसांनी तिनं गाडी जुंपायला सांगितली. "मी इंदापूरला जाते. आता मोटारीच्या पाठीवर हात ठिवायला लावते."

मी म्हटलं, "दादासायेब तुज्यासाठी हात ठिवणार?"

"मालक हाय ना? मग ठिवंल."

मला वाटलं ही पोराची नोकरी घालवून येणार. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. ती येईपर्यंत माझ्या हातून एकही पत्री धड बसली नाही. कुणी लवकर उरक म्हटलं तर त्याच्यावर खेकसत होतो.

ती आली तेव्हा तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. जुन्या मोटारीच्या इंजिनातलं लोहचुंबक. आकार अगदी घोड्याच्या नालेसारखा. मी विचारलं, "काय झालं?"

"मोटार गुणी हाय," ती म्हणाली. "खोड न्हाय तिला."

"दादासायबानं हात ठिवला?"

"ठिवायचा त्यानं ठिवला."

"मग आता?"

"आता काय न्हाय. दोरी द्या एक."

एवढी मोठी चौकशी, आणि निकाल असा एका ओळीत. माझा विश्वास बसेना. वाटलं, दादासाहेबांच्या घरी गोडधोड खाऊन आली आणि भुलली. त्या बाजारापासून खिळे वेचणं सुरू झालं. मी कुरकुर केली. म्हटलं, नालबंदानं रस्ता झाडायचा म्हणजे न्हाव्यानं केस परत चिकटवायचे. ती म्हणाली, "चिकटवा, पण चला." मग मी खिळे जरा लांब घ्यायला लागलो आणि खुरातून टोक बाहेर आलं की नीट वळवायला लागलो, नाहीतर सांजेला डब्यातून माझाच खिळा काढून माझ्याच नाकासमोर धरायची. असं म्हणता म्हणता माझ्या पत्र्यांचं नाव झालं. लांबून बैल यायला लागले. ह्याचंही श्रेय तिनं घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट बदलली. दस्तगीर आला की ती मोटारीचा विषय काढेना. तो जायला निघाला की मोटारीच्या पुढच्या अंगावर एकदा हात फिरवायची, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. तो म्हणायचा, "आम्मा, एकदा बस तरी. मोरीपातूर नेतो." ती म्हणायची, "मी बसले तर खालचं कोण बघंल?" शेवटपर्यंत ती त्या गादीवर बसली नाही. आणि मी दादासाहेबांना शिव्या घालायला लागलो की मलाच गप करायची. "त्यास्नी बोलू नगा. बिचारा मागं डोळं मिटून बसतो."

मी म्हणायचो, "झोपतच असंल. श्रीमंताला दुसरं काम काय."

शेवटचे खिळे वेचले त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. मी बाहेर बैल पाडला होता. थापण्याचा आवाज थांबला एवढंच मला कळलं. वाटलं पीठ संपलं असेल. आत गेलो तर ती परातीवर कलंडलेली. हाताला पीठ तसंच.

मला पुढचं फार लिहायचं नाही. शेजारणींनी सगळं केलं. इंदापूरला निरोप सर्व्हिस मोटारीच्या डायव्हरनं नेला, त्या लाथ मारणारीच्या. दुपारपर्यंत निरोप पोचला असणार. मगरिबच्या, सांजेच्या नमाजाच्या आत माती द्यायची होती. सगळे दारात बसून होते. ती मोटार तासाभरात येते हे पोरांनासुद्धा ठाऊक. तास गेला. दुसरा गेला. ऊन भिंतीवर चढलं. माणसं कुजबुजायला लागली. माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं. एकीला घरात झाकून ठेवलं होतं आणि मी कान देऊन बसलो होतो दुसऱ्याच्या हॉर्नसाठी. कालव्याकडून काही ऐकू आलं की उठायचो. एकदा तर मोरीपर्यंत जाऊन पाण्यात बघून आलो.

गणपत न्हावी म्हणाला, "चाचा, बसा. येतोय."

"तुला काय म्हाईत?"

त्याला काही माहीत नव्हतं. तरी त्यानं माझा हात धरून मला बसवलं.

सूर्य टेकायला आला तेव्हा जांभळी मोटार मोरीवर दिसली. बैलगाडीच्या चालीनं येत होती. मागून एक खरीच बैलगाडी येत होती, तीही पुढं निघाली. हॉर्न दिला नाही. दस्तगीर उतरला, माझ्याकडं न बघता आत गेला आणि मग आम्ही तिला उचललं.

माती देऊन झाली. लोक पुढं गेले. कबरस्तानाच्या विहिरीवर आम्ही दोघं हात धूत होतो. माझा राग मला आवरला नाही. मी तसाच आहे, मामानं सांगितलेली दुसरी खोड.

"राजाची मोटार हाय ना? आईच्या मातीला येळ करतोस व्हय रे?"

तो म्हणाला, "आज हळू आणली, अब्बा. पयल्यांदा."

"पयल्यांदा म्हंजी?"

"आम्मा इंदापूरला आली व्हती ना, तवा दादासायेब हात ठिवायला तयार झाले. हसतच पुढं आले. आम्मानं त्यास्नी थांबवलं. म्हनाली, 'तुमी न्हाई. हाकणाऱ्यानं ठिवायचा.' मला हात ठिवायला लावला. इंजिन तापलेलं व्हतं, हात भाजला, तरी काढू दिला न्हाई. म्हनाली, 'सांग, खोड काय?'"

मी हात धुवायचा थांबलो.

"मी सांगितलं, आम्मा, हिला खोड न्हाय. मलाच ऱ्हावत न्हाय. मोकळा रस्ता दिसला की माजा पाय दबतो. दादासायेब मागं डोळं मिटून बसत्यात ते झोपेनं न्हाय, अब्बा. भ्यानं. सांजेला उतरताना त्येंचे पाय कापत्यात. पर ते मला काढत न्हाईत आन् मला थांबता येत न्हाय."

"मग ती काय म्हनाली?"

"काय वरडली न्हाय. माजा हात उलटा करून बघितला, फुंकर घातली. म्हनाली, 'बैल असतास तर बाजारात उभा केला असता. तुला कुठं इकू?' मग दादासायबाकडून ते चुंबक मागून घेतलं. म्हनाली, 'तू पळव. खालचं मी बघते.'"

विहिरीवर रहाट होता. दस्तगीरनं तो उगाच थोडा फिरवला.

"मला म्हाईत व्हतं ना अब्बा, रस्ता झाडलेला हाय. म्हनून पळवत व्हतो. आज निघालो आन् पाय दाबवंना. सगळ्या वाटंनं मला खिळंच दिसत व्हते."

मी म्हटलं, "हात पूस."

एवढे दिवस ती माझ्या पुढं चालत होती आणि पोराची खोड तिनं मला कळू दिली नाही. कळली असती तर मी त्याला मारलं असतं, दादासाहेबांच्या दारात जाऊन ओरडलो असतो. तिला ते ठाऊक होतं. माझी खोड तिला लग्नाच्या आधीच सांगितलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरला मोटार परत न्यायची होती. शेजारणीनं आणलेला चहा तसाच गार झाला. मी खुंटीवरचं चुंबक काढलं, डबा घेतला आणि बाहेर पडलो. हे एका माणसाचं काम नाही. एका हातात दोरी, दुसऱ्यात डबा, आणि डबा सारखा गुडघ्यावर आपटतो. वाकायचं झालं की आधी डबा खाली ठेवावा लागतो. तिनं हे दुसऱ्या माणसाचं काम माझ्याकडं का दिलं होतं ते तेव्हा कळलं. तिला डबा धरायला कुणीतरी हवंच होतं. शिवाय मी घरात विडी ओढत बसू नये, हेही असेल.

मागं मोटारीचा आवाज आला. मी बाजूला झालो नाही. त्यानंही हॉर्न दिला नाही. मी पुढं चुंबक फरफटत, आणि माझ्या मागं राजाची ती मोटार, तापलेल्या बैलासारखी धापा टाकत, माझ्या पावलानं. गणपत न्हावी वस्तरा हातात घेऊन झाडाखाली उठून उभा राहिला. गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच.

मोरीपाशी एक खिळा सापडला. माझाच. डब्यात टाकला. मग बाजूला झालो. मोटार शेजारी येऊन उभी राहिली.

"जाऊ का, अब्बा?"

मी मोटारीच्या पुढच्या अंगावर हात ठेवला. गरम होती. तिच्यात काही वाईट नव्हतं.

"जा," म्हटलं. "पर अंमळ दमानं. माजी चाल तुज्या आईपरीस हळू हाय."

तो गेला. मोरीच्या पलीकडचा रस्ता आम्ही कधी केला नव्हता, तिचे गुडघे तिथवरच साथ द्यायचे. मी डबा उचलला, दोरी हाताला गुंडाळली आणि इंदापूरच्या अंगाला चालू लागलो.